नाव कळण्याआधीची खबरदारी

७ मार्च २००३. कॅनडाच्या दोन टोकांच्या दोन शहरांत, एकाच दिवशी, दोन पुरुष ताप आणि श्वासाची तक्रार घेऊन रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोहोचले. दोघांच्या आजाराचे मूळ एकच होते. हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उतरलेल्या काही पाहुण्यांना एक अनोळखी आजार जडला होता. व्हँकुव्हरचा रुग्ण स्वतः त्या हॉटेलात राहून आला होता. टोरोंटोचा रुग्ण तिथे गेलाच नव्हता. गेली होती त्याची आई. परत आल्यावर ती आजारी पडली आणि ५ मार्चला घरीच वारली. मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदले गेले.

व्हँकुव्हर जनरल रुग्णालयात आलेल्या माणसाला प्रवासाबद्दल विचारले गेले, आणि उत्तर ऐकताच त्याला इतर रुग्णांपासून वेगळे काढण्यात आले. कर्मचाऱ्यांनी मास्क, गाउन, हातमोजे चढवले. त्याला काय झाले आहे हे तिथे कुणालाही माहीत नव्हते. मात्र त्याआधी काही आठवडे प्रांतातील रोगनियंत्रण केंद्राने रुग्णालयांना सूचना पाठवल्या होत्या, की पूर्व आशियातून आलेला, ताप-खोकल्याचा रुग्ण दिसला तर सावध राहा. त्या सूचना बर्ड फ्लूच्या संशयातून निघालेल्या होत्या. संशय चुकीचा निघाला, तरी सावधगिरी कामी आली. त्या रुग्णापासून रुग्णालयात कुणालाही लागण झाली नाही.

टोरोंटोच्या स्कारबरो ग्रेस रुग्णालयात मात्र दुसऱ्या रुग्णाला गर्दीच्या कॅज्युअल्टीत, पडद्याने विभागलेल्या जागेत, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही बराच वेळ ठेवावे लागले. वॉर्डात खाट रिकामी नव्हती. डॉक्टरांना आधी साधा न्यूमोनिया वाटला, मग क्षयाची शंका आली. शेजारच्या खाटांवर वेगळ्याच तक्रारींसाठी आलेली दोन माणसे होती. त्यांना लागण झाली, आणि ती घरी गेल्यावर, पुन्हा आजारी पडून परत आल्यावर त्यांच्याकडून आणखी कित्येकांना. पुढच्या तीन-चार महिन्यांत ऑन्टारिओ प्रांतात ३७५ जणांना हा आजार, म्हणजे सार्स, झाल्याचे नोंदवले गेले. ४४ जण दगावले, त्यांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते.

त्या दिवशी सार्सचा विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. त्यावर चाचणी नव्हती, औषध नव्हते, लस नव्हती. दोन्ही रुग्णालयांचे अज्ञान सारखेच होते, फरक पडला तो वागण्याने. या प्रकरणाचे सूत्र तेच आहे: अनोळखी श्वसनविषाणू रुग्णालयात रोखायचा तर त्याचे नाव कळण्याची वाट पाहून चालत नाही. ओळख प्रयोगशाळेत होते, पण खबरदारी दारातच सुरू व्हावी लागते.

पाच प्रश्न

ताप, खोकला आणि एक्स-रेवर डाग, असे रुग्ण आपल्याकडच्या कोणत्याही ओपीडीत पावसाळ्यात रोज येतात. त्यांतला एखादाच वेगळा असतो, आणि पहिल्या दिवशी तो दिसायला इतरांसारखाच असतो. मग तो ओळखायचा कसा?

सार्सने होरपळलेल्या हाँगकाँगमध्ये पुढे एक पाच कलमी पद्धत रूढ झाली. ताप आहे का, अलीकडे प्रवास केला आहे का, व्यवसाय काय, आजारी माणसाशी किंवा प्राण्याशी संपर्क आला का, आणि आसपास आणखी कुणी तसेच आजारी आहे का. यातला एकही प्रश्न महागडे यंत्र मागत नाही. पण केस पेपरवर त्यांच्यासाठी जागा लागते आणि विचारणाऱ्याला एक मिनिट मिळावे लागते. शंभर रुग्णांच्या ओपीडीत नेमके ते मिनिटच दुर्मीळ असते.

पाचांतला शेवटचा प्रश्न सर्वांत बोलका. सुटा न्यूमोनिया सहज दुर्लक्षिला जातो. एकाच घरात तीन न्यूमोनिया दिसले की डोळे उघडतात. वुहानमध्ये २६ डिसेंबर २०१९ रोजी डॉ. झांग जिक्सियन यांच्याकडे एक वृद्ध जोडपे आले. दोघांच्याही फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये सारखेच, नेहमीपेक्षा वेगळे ठसे होते. त्यांनी सोबत आलेल्या मुलाचाही स्कॅन करायला सांगितला. त्याला कसलाच त्रास नव्हता, पण त्याच्या फुप्फुसातही तेच दिसले. त्याच सुमारास मासळी बाजारात काम करणारा आणखी एक रुग्ण तसाच निघाला. २७ तारखेला डॉ. झांग यांनी वरच्या अधिकाऱ्यांना कळवले. २००३ मध्ये सार्सच्या कामात त्या होत्या. आजारी नसलेल्या मुलाचा स्कॅन करायला सांगण्यामागे तो अनुभव होता.

कधी कधी महत्त्वाची माहिती रुग्णच देतो, आणि ऐकणारा हवा असतो. मेट्रोपोल हॉटेलात आजार घेऊन आलेले डॉ. लिऊ जिआनलुन हे ग्वांगझूचे ६४ वर्षांचे डॉक्टर होते. तिथे त्यांनी अशा रुग्णांवर उपचार केले होते. २२ फेब्रुवारीला ते हाँगकाँगच्या क्वाँग वा रुग्णालयात गेले तेव्हा आपला आजार फार संसर्गजन्य असल्याचे सांगून त्यांनी स्वतःच वेगळे ठेवण्याची मागणी केली. ४ मार्चला ते गेले.

रजेची नोंदवही

त्याच हॉटेलात कुणाला तरी भेटायला गेलेला २६ वर्षांचा एक तरुण ४ मार्चला हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात, ८-ए या वॉर्डात दाखल झाला. तरुण, धडधाकट, न्यूमोनियाचा साधा रुग्ण. त्याला श्वास मोकळा व्हावा म्हणून नेब्युलायझर दिला जात होता. औषधाची बारीक वाफ रुग्णाच्या फुप्फुसात सोडण्याचे हे यंत्र दम्याच्या घरांत सर्वांच्या ओळखीचे आहे. पण रुग्णाच्या श्वासात विषाणू असेल तर त्याच वाफेबरोबर तो वॉर्डभर जाऊ शकतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

धोक्याची सूचना प्रयोगशाळेकडून आली नाही. ती रजेच्या नोंदवहीतून आली. १० मार्चला त्या एकाच वॉर्डातले बरेच डॉक्टर आणि परिचारिका एकदम आजारी असल्याचे लक्षात आले. पुढे प्रसिद्ध झालेल्या अहवालात २५ मार्चपर्यंतचे १३८ रुग्ण मोजले गेले. त्यांत ६९ आरोग्य कर्मचारी होते आणि १६ वैद्यकीय विद्यार्थी. त्या वॉर्डात शिकायला गेलेली मुले.

जगभरात सार्सचे ८,०९६ रुग्ण झाले आणि ७७४ मृत्यू. रुग्णांपैकी १,७०६, म्हणजे दर पाचातला एक, आरोग्य कर्मचारी होता. सार्सचा विषाणू बाजारात, बसमध्ये, शाळेत जितका पसरला त्यापेक्षा कितीतरी अधिक रुग्णालयांत पसरला, आणि याला कारण त्याच्या स्वभावातच होते. सार्सच्या रुग्णाच्या शरीरात विषाणूचे प्रमाण लक्षणे सुरू झाल्यावर वाढत जाई आणि साधारण दहाव्या दिवशी शिगेला पोहोचे. त्या वेळी रुग्ण घरात नसे, खाटेवर असे. सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकणारा माणूस आणि त्याच्या तोंडाजवळ वाकून काम करणारा माणूस, दोघे एकाच खोलीत.

म्हणून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे आजारपण हा स्वतंत्रपणे पाहण्याचा विषय आहे. एखाद्या वॉर्डातील दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय एकाच आठवड्यात तापाने घरी बसले तर ते आस्थापना विभागाचे काम नाही, संसर्ग नियंत्रणाचे आहे. अनेक रुग्णालयांत रजेचा अर्ज एका टेबलावर जातो, संसर्गाची नोंद दुसऱ्या टेबलावर होते, आणि दोन्ही कागद कधी एकमेकांना भेटत नाहीत. त्यात मावशी, मामा, सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक हे बहुधा कंत्राटी; ते आजारी पडले की त्यांच्या जागी दुसरे येतात आणि नोंद होतच नाही.

खिडक्या

मेट्रोपोल हॉटेलातला आणखी एक पाहुणा व्हिएतनामला गेला आणि २६ फेब्रुवारीला हनोईच्या फ्रेंच रुग्णालयात दाखल झाला. दोन दिवसांनी रुग्णालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या हनोई कार्यालयात काम करणारे इटालियन डॉक्टर कार्लो उर्बानी यांना बोलावले. उर्बानी यांनी रुग्णालयात रोज जाऊन नमुने गोळा केले, विलगीकरण लावून दिले, आणि हा नेहमीचा फ्लू नाही असे संघटनेला कळवले. १२ मार्चला संघटनेने जगाला इशारा दिला त्यामागे हनोईहून आलेली ही माहिती होती. स्वतः उर्बानी यांना लागण झाली आणि २९ मार्चला बँकॉकमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

फ्रेंच रुग्णालयात अनेक कर्मचारी आजारी पडले. त्यानंतरचे रुग्ण हनोईच्या बाक माई या मोठ्या सरकारी रुग्णालयात ठेवले गेले. तिथे साधने कमी होती. वातानुकूलन नव्हते, वॉर्ड प्रशस्त, खिडक्या मोठ्या आणि सताड उघड्या, वर पंखे. त्या रुग्णालयात सार्सच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या एकाही कर्मचाऱ्याला लागण झाली नाही. याचे सगळे श्रेय खिडक्यांना देता येत नाही. तोवर आजाराची कल्पना आलेली होती आणि मास्क वापरात होते. पण हवा खेळती असणे हा त्यातला मोठा भाग असावा, आणि २८ एप्रिलला व्हिएतनाम हा सार्स आटोक्यात आणणारा पहिला देश ठरला.

हवेचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. खोलीतील हवा तासाला २ वेळा बदलत असेल तर तरंगणारे कण ९९ टक्के निघून जायला १३८ मिनिटे लागतात. ६ वेळा बदलली तर ४६ मिनिटे, आणि १२ वेळा बदलली तर २३ मिनिटे. म्हणून श्वसनाच्या संसर्गासाठी बांधलेल्या विलगीकरण कक्षात तासाला १२ वेळा हवा बदलण्याचे प्रमाण धरतात. अशा कक्षात आतला दाब बाहेरच्या व्हरांड्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. दार उघडले की बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जात नाही, आणि आतली हवा गाळून किंवा माणसांपासून दूर छतावर सोडली जाते.

असे कक्ष महाग असतात आणि तालुक्याच्या रुग्णालयात मिळणार नाहीत. तिथे वाऱ्याची दिशा पाहून, व्हरांड्याच्या टोकाची, समोरासमोर खिडक्या असलेली खोली निवडणे हा त्याच तत्त्वाचा स्वस्त अवतार आहे. याउलट, खिडक्या कायमच्या बंद करून भिंतीवर एसी लावलेली खोली सर्वांत वाईट. तो एसी आतलीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरवत राहतो.

दोन मीटर आणि एक तास

२०१२ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाह इथे डॉ. अली मोहम्मद झाकी यांना न्यूमोनियाने दगावलेल्या ६० वर्षांच्या रुग्णाच्या बेडक्यात नेहमीच्या चाचण्यांत न बसणारा विषाणू सापडला. त्यांनी नमुना नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या इरॅस्मस केंद्रात पाठवला आणि एक नवा कोरोनाविषाणू समोर आला. पुढे त्याला मर्स म्हटले गेले. तो एका वशिंडाच्या उंटांकडून माणसांत येतो. माणसाकडून माणसाला सहज होत नाही, पण रुग्णालयात होतो. २०१३ मध्ये सौदीच्याच अल-अहसा भागात तो डायलिसिस विभाग आणि अतिदक्षता विभागातून पसरला होता.

२०१५ च्या मे महिन्यात ६८ वर्षांचा एक व्यावसायिक आखाती देशांतून दक्षिण कोरियात परतला. ११ मेपासून ताप येऊ लागला आणि निदान होईपर्यंत तो एकामागून एक रुग्णालये बदलत राहिला. २० मेला निदान झाले तोवर प्योंगटेकच्या सेंट मेरीज रुग्णालयातले अनेकजण बाधित झाले होते. सरकारने संपर्कातील व्यक्ती शोधायला सुरुवात केली, पण व्याख्या ठेवली अरुंद: रुग्णापासून दोन मीटरच्या आत, एक तास किंवा अधिक वेळ. त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या खोल्यांतले रुग्ण आणि नातेवाईक या व्याख्येत बसले नाहीत. त्यांच्यातला एक ३५ वर्षांचा रुग्ण निर्धास्तपणे सोलच्या प्रख्यात सॅमसंग वैद्यकीय केंद्राच्या आपत्कालीन विभागात गेला आणि २७ ते २९ मे तिथे राहिला. त्या एकट्याकडून ८२ जणांना लागण झाली: ३३ रुग्ण, ८ आरोग्य कर्मचारी आणि ४१ भेटायला आलेले किंवा सोबत थांबलेले लोक.

हा शेवटचा आकडा मराठी वाचकाने पुन्हा वाचावा. कोरियात रुग्णाजवळ घरचे माणूस बसते, त्याला भरवते, त्याची सेवा करते, नातेवाईक घोळक्याने भेटायला येतात, आणि छोट्या दवाखान्यात गुण आला नाही की मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाकडे धाव घेतली जाते. यातले काहीही आपल्याला परके नाही. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत खाटेखाली सतरंजी टाकून झोपणारा नातेवाईक हा अघोषित कर्मचारीच असतो. रुग्णाला उठवणे, कफ टाकायला भांडे धरणे, चादर बदलणे ही कामे तो करतो. पण त्याला मास्क मिळत नाही, कुणी शिकवत नाही आणि त्याचे नाव कोणत्याही यादीत नसते. संपर्काची यादी डॉक्टर-परिचारिकांवर थांबली तर साथीचा अर्धा भाग तिच्या बाहेर राहतो.

कोरियातील साथीत १८६ रुग्ण झाले, ३८ मृत्यू झाले, आणि सुमारे १७ हजार लोकांना घरात किंवा संस्थेत अलग ठेवावे लागले. सुरुवात एका प्रवाशापासून झाली होती.

भारतातला धडा

२००१ मध्ये सिलिगुडी शहरात एका गूढ तापाची साथ आली. ६६ जण आजारी पडले, ४५ दगावले. बहुतेक रुग्ण एकतर रुग्णालयाचे कर्मचारी होते किंवा रुग्णांना भेटायला आलेले. कारण त्या वेळी कळले नाही. काही वर्षांनी, साठवलेल्या नमुन्यांतून, तो निपाह विषाणू असल्याचे सिद्ध झाले. निपाह मुख्यतः मेंदूज्वर घडवतो, पण भारत-बांगलादेशात आढळणाऱ्या प्रकारात खोकला आणि श्वासाचा त्रासही जोरदार असतो, आणि माणसाकडून माणसाकडे तो याच वाटेने जातो.

मे २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात पहिला रुग्ण दगावला तेव्हाही निदान झाले नव्हते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सीटी स्कॅनसाठी नेताना तो खोकत होता आणि व्हरांड्यात रांगेत थांबलेल्या माणसांना त्यातून लागण झाली. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात त्याची सेवा केलेली परिचारिका लिनी पुथुश्शेरी पुढे दगावली. नोंदल्या गेलेल्या २३ रुग्णांपैकी पहिला सोडला तर बाकीच्यांना माणसाकडून, आणि बहुतेकांना रुग्णालयाच्या आवारातच लागण झाली.

ही साखळी तुटली ती दुसऱ्या रुग्णामुळे. १७ मेला पहिल्या रुग्णाचा भाऊ खासगी बेबी मेमोरियल रुग्णालयात आला. एकाच घरात दुसरा मेंदूज्वर, आणि सोबत हृदयाचे ठोके व रक्तदाब विचित्र वाढलेले; नेहमीच्या मेंदूज्वरात न बसणारे हे चित्र तिथल्या डॉक्टरांना खटकले. नमुने मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्रात गेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निपाहवर शिक्कामोर्तब केले. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेकडे पाषाण इथे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. मरणाचा धोका मोठा आणि उपचार नाहीत अशा विषाणूंवर तिथे काम होते. निदान तीन-चार दिवसांत हाती आले. पण संशयित रुग्णाला वेगळे करण्यासाठी त्या तीन-चार दिवसांची वाट पाहायची नसते. एका वर्षाने, २०१९ मध्ये, एर्नाकुलमला निपाहचा एक रुग्ण सापडला. त्याच्याकडून पुढे एकालाही झाला नाही.

निगेटिव्ह म्हणजे काय

चाचणीवर विसंबण्यात एक मेख आहे. सार्सच्या पहिल्या आठवड्यात घशाच्या स्वॅबमध्ये विषाणू थोडाच असे, त्यामुळे पीसीआर चाचणी अनेकदा निगेटिव्ह येई. मर्समध्ये विषाणू फुप्फुसात खोलवर असतो, म्हणून नाक-घशाच्या स्वॅबपेक्षा खोल खोकून काढलेल्या बेडक्याचा किंवा श्वासनलिकेतून घेतलेला नमुना अधिक भरवशाचा. नमुना चुकीच्या जागेचा, चुकीच्या दिवशी घेतलेला किंवा बर्फाशिवाय प्रवास केलेला असेल तर कागदावर निगेटिव्ह येते आणि रुग्ण पुन्हा सर्वसाधारण वॉर्डात जातो. पाच प्रश्नांची उत्तरे संशयास्पद असतील तर एका निगेटिव्हवर विलगीकरण उठवायचे नाही, काही दिवसांनी पुन्हा नमुना घ्यायचा, हा नियम अशा चुकांतून आला.

दुसरी मेख वेगळी आहे. बहुतेक प्रयोगशाळा ज्या विषाणूंचे किट हाताशी आहे तेवढेच शोधतात. नवा विषाणू त्या यादीत नसतोच. इन्फ्लुएन्झा निगेटिव्ह, क्षय निगेटिव्ह, जिवाणूंची वाढ नाही, प्रतिजैविकांना दाद नाही, आणि रुग्ण खालावतो आहे: या सगळ्या नकारांची बेरीज हीच एक होकारार्थी खूण असते. झाकींनी नेमके तेच केले. नेहमीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या म्हणून फाइल मिटली नाही.

अंगावरचे कवच

विलगीकरण आणि हवा यांनंतर येतो मास्क. शस्त्रक्रियेचा साधा मास्क घालणाऱ्याच्या तोंडातील थेंब अडवतो आणि समोरच्याचे मोठे थेंब बऱ्याच अंशी रोखतो, पण कडेने हवा आत येते. एन-९५ मास्क अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के गाळतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवर, ढिल्या पट्ट्यांवर किंवा चुकीच्या मापावर तो निकामी होतो. श्वासनलिकेत नळी घालणे, कफ ओढून काढणे, ब्राँकोस्कोपी, नेब्युलायझर अशा कामांच्या वेळी सूक्ष्म कण जास्त उडतात. अशा वेळी साध्या मास्कवर भागवणे धोक्याचे.

२००३ मध्ये हाँगकाँगच्या पाच रुग्णालयांतील २५४ कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. मास्क, हातमोजे, गाउन आणि हात धुणे या चारही गोष्टी पाळल्याचे सांगणारे ६९ जण होते. त्यांतल्या एकालाही सार्स झाला नाही. लागण झालेल्या तेराही जणांनी यांतले काही ना काही वगळले होते.

यातली अवघड पायरी कवच चढवण्याची नव्हे, उतरवण्याची. कामाची पाळी संपलेली, घाम आलेला, तहान लागलेली. अशा वेळी हात चटकन चेहऱ्याकडे जातो. म्हणून क्रम ठरलेला असतो: आधी हातमोजे, मग गॉगल, मग गाउन, आणि खोलीबाहेर पडून दार लावल्यावर सर्वांत शेवटी मास्क, तोही पुढून न धरता मागच्या पट्ट्यांनी, प्रत्येक टप्प्यावर आणि शेवटी हात धुणे. समोर उभे राहून हा क्रम पाहणारा दुसरा माणूस असेल तर चुका कमी होतात. ज्युनिअर सिस्टरने ज्येष्ठ सर्जनला ‘सर, थांबा, गॉगल आधी’ असे म्हणण्याची मुभा असणे, हाही संसर्ग नियंत्रणाचाच भाग.

सावधगिरी कधी उतरवायची

टोरोंटोची गोष्ट मार्चमध्ये संपली नाही. एप्रिलअखेर रुग्ण कमी झाले, १४ मेला जागतिक आरोग्य संघटनेने शहराला सार्सच्या यादीतून वगळले, आणि रुग्णालयांनी खबरदारी सैल केली. नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयात मात्र निदान न झालेले सार्सचे रुग्ण होते. तिथल्या परिचारिकांना एकसारखे न्यूमोनिया दिसत होते आणि त्या तसे सांगतही होत्या. त्यांचे म्हणणे गांभीर्याने घेतले गेले नाही. २३ मेला दुसरी लाट उघड झाली.

या साथीच्या चौकशी आयोगाचे प्रमुख न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांनी अहवालात सावधगिरीचे तत्त्व मध्यभागी ठेवले: धोका कमी करणारी वाजवी पावले उचलण्यासाठी शास्त्रीय खात्रीची वाट पाहू नये. त्यांचा दुसरा निष्कर्ष तितकाच व्यवहाराचा होता. कर्मचारी सुरक्षित नसतील तर रुग्णही सुरक्षित नसतात, आणि खाटेजवळ उभे असणाऱ्यांचे ऐकले जात नसेल तर वरच्या मजल्यावरील समित्यांना काहीच दिसत नाही.

कोविडने या नियमांची एक मर्यादा दाखवली. सार्सचा रुग्ण लक्षणे दिसण्याआधी सहसा कुणाला लागण करत नसे, म्हणून ताप मोजून त्याला गाठता येई. कोविडमध्ये लक्षणांआधीच, कधी लक्षणांशिवाय, विषाणू पसरत होता. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि संपूर्ण इमारतच प्रतिबंधित करावी लागली. वसतिगृहात, जेवणघरात, चहाच्या टेबलावर मास्क निघतातच. दारातले पाच प्रश्न अशा विषाणूला अपुरे पडतात. तिथे सर्वांनी सतत मास्क आणि खेळती हवा हाच आधार. नवा विषाणू सार्ससारखा वागेल की कोविडसारखा, हे पहिल्या आठवड्यात कळत नसल्याने सुरुवात कडक ठेवून माहिती येईल तशी सैल करणे शहाणपणाचे. उलटा क्रम टोरोंटोने आजमावून पाहिला आहे.

कोरियाने धडा घेतला का, याची परीक्षा ७ सप्टेंबर २०१८ रोजी झाली. कुवेतहून आलेला ६१ वर्षांचा एक व्यावसायिक विमानतळावरून थेट सॅमसंग वैद्यकीय केंद्रात निघाला; तेच रुग्णालय. त्याची मुख्य तक्रार जुलाबाची होती आणि विमानतळावर ताप आढळला नव्हता. पण कुवेत हा शब्द पुरेसा होता. रुग्णालयाने त्याला गर्दीच्या आपत्कालीन विभागात येऊच दिले नाही. कवच घातलेल्या कर्मचाऱ्यांनी त्याला वेगळ्या, कमी दाबाच्या खोलीत घेतले. दुसऱ्या दिवशी मर्सचे निदान झाले. या वेळी संपर्काची यादी टॅक्सीचालकापर्यंत आणि विमानातील प्रवाशांपर्यंत गेली. दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही.

दोन्ही वेळा विषाणू तोच होता आणि इमारतही तीच. मधल्या काळात बदलले ते दारातील प्रश्न, वेगळ्या खोलीची सोय, संपर्काची व्याख्या आणि निदानाआधी पावले उचलण्याची तयारी. यातली सर्वांत स्वस्त गोष्ट वाचकाच्याही हातात आहे. श्वासाच्या त्रासाचा रुग्ण घेऊन रुग्णालयात जाल तेव्हा केस पेपर काढतानाच सांगा: प्रवास कुठे झाला, घरात आणखी कोण आजारी आहे, कोणत्या दवाखान्यातून आलात, कोणत्या प्राण्यांशी संबंध आला. विचारले नाही तरी सांगा, आणि मास्क लावून सांगा.